सातव्या मजल्यावरची भरती

नळाला खारं पाणी येतं, ही तक्रार ऐकायला अगदी साधी वाटते. लिफ्ट अडकली, कुणीतरी आपल्या जागेत गाडी लावली, यांच्याच पंगतीतली. पण नोएडात, जिथं मुलांना समुद्र म्हणजे गोव्याचं पॅकेज वाटतं, तिथं सातव्या मजल्यावर राहून ही तक्रार करून पाहा. लोक आधी तुमच्या नळाकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात.

सुरुवात सकाळच्या चहापासून झाली. मी पहिला घोट घेतला आणि संपदाकडे पाहिलं. संपदानं घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. एकमेकांनी केलेल्या चहाला नावं ठेवायची नाहीत, या एका अलिखित करारावर आमचा संसार उभा आहे. त्यामुळे आम्ही दोघंही चेहरे सरळ ठेवून अर्धा कप प्यालो. करार मोडला तो आमच्या लेकीनं. अवनी म्हणाली, "मम्मा, चाय में नमक है यार."

चंद्रप्रभामावशी मात्र कप तळापर्यंत प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरा झालाय."

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला आदल्याच दिवशी देवगडकडच्या शेळवाडीहून आणलं होतं. शेळवाडी खाडीच्या काठावर आहे. मावशीच्या अंगणात एक विहीर आहे, तिचं पाणी पूर्वी सगळी वाडी प्यायची. मग एका वादळात खाडीचा बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं आणि विहीर कायमची खारी झाली. तेव्हापासून मावशीची सून कांता आणि वाडीतल्या बाकीच्या बायका डोंगरातल्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणतात. मागच्या पावसाळ्यात कांता भरल्या हंड्यासकट घसरली आणि कमरेनं अंथरुणाला खिळली. उठली तीच पुन्हा हंडा घेऊन. पंचायतीपासून जिल्ह्यापर्यंत सगळ्यांनी ती विहीर येऊन बघितली होती. बघणं हे काम सगळ्यांनी फार मन लावून केलं.

तर आमचा चहा. मी आरओवाल्याला बोलावलं. त्यानं पाण्यात मीटर बुडवला. आकडे भराभर चढत गेले आणि मग मीटरच बंद पडला. त्यानं तो हातावर आपटून पाहिला, पुन्हा बुडवला, आणि म्हणाला, "सर, मशीन में फॉल्ट नहीं है. पानी में फॉल्ट है." एवढं निदान करून तो गेला. जाताना त्यानं मीटर टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून नेला, आजारी पाखरू न्यावं तसा.

समोरच्या फ्लॅटचं पाणी गोड होतं. वरच्यांचं गोड होतं, खालच्यांचंही गोड. टाकी सगळ्यांची एकच. मी सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी यांच्याकडे गेलो. त्यागीजी मूळचे इथलेच. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे तिथं त्यांच्या आजोबांचा ऊस होता, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या शेतात भाड्यानं राहतो असा त्यांचा एकंदर भाव असतो. ते आले, नळाखाली ओंजळ धरली, चूळ भरली आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. त्या वेळी पाणी सकाळइतकं खारं नव्हतं, नुसतं मचूळ लागत होतं. त्यागीजी म्हणाले की थोडं मिनरल आहे, तब्येतीला चांगलं असतं. मग दारातून वळून त्यांनी विचारलं, "आप लोग मच्छी खाते हैं ना?"

मासे खाण्याचा आणि पाईपचा संबंध काय, हे मी त्यांना शांतपणे विचारायला हवं होतं. मी नुसता "कभी कभी" म्हणालो, आणि तेही अशा आवाजात, की जणू मी कबुलीजबाब देतोय. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर संदेश आला होता: आमच्या फ्लॅटचं पाणी तपासलं असून ते योग्य आहे, रहिवाशांनी अफवा पसरवू नयेत. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. शिवाय सल्ले. कुणी तुरटी फिरवायला सांगितली. कुणी सिंकचं तोंड नैर्ऋत्येला आहे का ते विचारलं. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या माहेरी असंच झालं होतं, पण पुढं काय झालं ते त्यांनी लिहिलं नाही. मी विचारलं तेव्हा त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

मग ऑनलाईन तक्रार. मी स्वतः दिल्लीतल्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, सरकारी यंत्रणेवर माझा विश्वास असणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. तक्रारीसाठी पर्याय होते: पाणी नाही, पाणी कमी, पाणी गढूळ, पाण्याला वास. खारटपणाची सोय नव्हती. मी 'गढूळ' निवडलं. पाणी गढूळ नसल्याचं आढळून आल्यामुळे तक्रार बंद झाली. मी 'वास' निवडलं. ती बंद व्हायच्या आतच घरात खरंच वास यायला लागला.

ओल्या चिखलाचा वास होता तो. ओहोटीला खाडी उघडी पडते तेव्हा येतो तसा. स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त. नळ बंद असला तरी त्यातून आवाज यायचा, कुणीतरी झोपेत संथ श्वास घ्यावा तसा. सिंकमागच्या भिंतीवर ओल चढली. काही तासांनी ती खाली उतरली आणि मागं मिठाची एक पांढरी, वाकडीतिकडी रेघ सोडून गेली. संपदानं ती पुसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती, थोडी वर.

पाणी कधी फार खारं आणि कधी मचूळ, हे कशावर ठरतं ते आम्हाला कळेना. वेळ रोज थोडी पुढं सरकत होती. मावशी एका डोळ्यावर पट्टी बांधून खिडकीशी बसलेली असे. एकदा संपदा वैतागून म्हणाली, आता हे ओसरणार तरी कधी? तर मावशीनं कालनिर्णयातली तिथी विचारली, भरतीची वेळ काढायच्या कोकणी रीतीनं बोटांवर तिची पाऊणपट केली आणि सांगितलं, "आज भरती तिन्हीसांजेची. जेवणापर्यंत खारं उतरेल."

अवनी म्हणाली, "भरती म्हणजे? आर्मीतली?"

मी तिला समुद्राची भरती समजावून सांगितली. तिनं फोनवर देवगडची भरती-ओहोटीची वेळ काढली, नळ सोडला, चाखला, पुन्हा फोनकडे पाहिलं. मग फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि आईजवळ जाऊन बसली. मोठी झाल्यापासून ती असं करत नाही.

याच सुमारास भाऊसाहेब दिल्लीला आले. ते माझ्या सासऱ्यांचे मित्र, राज्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. कसल्याशा कमिटीसाठी येऊन कोपर्निकस मार्गावरच्या गेस्टहाऊसात उतरले होते. मी त्यांना तिथं जाऊन भेटलो. त्यांनी साबुदाणावड्याच्या बशीत बोटानं रेघा ओढून मला जमिनीखालचे थर समजावले आणि असं काही होणं शक्य नाही हे सिद्ध केलं. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना रविवारी जेवायलाच बोलावलं.

ते आले तेव्हा भरती होती. भाऊसाहेबांनी पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ते गिळलंही नाही, थुंकलंही नाही. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "जयदीप, घरात कोकणातून कोण आलंय?"

मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. भाऊसाहेबांनी बूट घातले. जेवून जा म्हटलं, तर म्हणाले कमिटीची बैठक आहे. रविवारी कमिटीची बैठक नसते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो आणि आम्ही दोघंही हवामानावर बोललो.

शेवटचा उपाय म्हणून सोसायटीचा प्लंबर शंभू याच्याकडून मी सिंकखालचा पाईप कापून घेतला. पाईप मागच्याच दिवाळीत बदललेला. शंभूनं तुकडा उजेडात धरला. आत पांढरे, खरबरीत पापुद्रे होते. शंभू म्हणाला, हार्ड वॉटर की पपड़ी है. तेवढ्यात त्यातला एक पापुद्रा शिंपल्यासारखा हळूच मिटला.

शंभूनं तुकडा सिंकमध्ये ठेवला. टाकला नाही, ठेवला. मावशी भिंत धरत आली, वाकून एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाली, "कालवं आहेत. लहान आहेत अजून." तिच्या आवाजात मला भूक ऐकू आली. शंभूनं नवा तुकडा बसवला, हात आमच्याकडे न धुता शर्टाला पुसले आणि पुढं कधी लिफ्टमध्ये भेटला तर माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे वाचू लागला. त्यागीजींना मात्र फार आनंद झाला. मच्छीचा त्यांचा मुद्दा सिद्ध झाला होता.

आता मला एक सांगा, अशा वेळी माणसाला संशय कुणाचा येणार? त्या दिवशी संपदा आवाज खाली करून म्हणाली, "तुम्हाला नाही वाटत, मावशी आल्यापासूनच हे सुरू झालंय?" तिचा तर्क असा होता, की म्हातारं माणूस आहे, नजर नीट नाही, मिठाचा डबा कुठंतरी उपडा होत असेल. मिठाच्या डब्यातून कालवं कशी निघतात, हे मी विचारलं नाही. मला तो तर्क फार आवडला. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून एका दुपारी मी अर्धी रजा टाकून न सांगता घरी आलो. स्वतःच्या घराचं कुलूप चोरासारखं उघडलं आणि बूट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मावशी सिंकपाशी होती. नळ सुटलेला, धारेवर तिचा हात, घाबरलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. ती हळू आवाजात म्हणत होती, "ये गो बाय, ये. हयच रव." इथंच राहा, असं ती पाण्याला विनवत होती. आणि धार, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिच्या बोलण्यासरशी मोठी होत होती.

माझ्या हातातला एक बूट पडला. मावशी दचकली नाही. तिनं नळ बंद केला, मला बसायला सांगितलं आणि एखाद्या आजारपणाची हकिकत सांगावी तशी सांगितलं.

"तिकडे कोणी ऐकत नव्हतं रे. सगळ्यांना सांगून झालं, देवाला सांगून झालं. निघायच्या दिवशी मी विहिरीत वाकले आणि त्या खाऱ्यालाच म्हटलं, बाय, माझ्याबरोबर चल. माझा भाचा दिल्लीला मोठा साहेब आहे. त्याच्याकडे मशिनं आहेत, माणसं आहेत, कचेऱ्या आहेत. तो तुझं काय ते बघेल."

मला हसू आलं. सेक्शन ऑफिसरला मोठा साहेब म्हणणारी सगळ्या जगात ती एकच व्यक्ती आहे. हे सगळं मनाचे खेळ आहेत, असं मी तिला समजावलं, आणि पुरावा म्हणून तिथल्या तिथं कांताला फोन लावला. म्हटलं, विहिरीचं पाणी कसं आहे ते सांग बघू तुझ्या सासूला.

कांतानं तिकडचं दार लोटल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला कसं कळलं? आई दिल्लीला गेल्या त्या दिवसापासून विहीर गोड झालीय. दृष्ट लागेल म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. सगळी वाडी पितेय आता. मी डोंगरावर जात नाही."

मी फोन ठेवला. मावशीनं माझा पडलेला बूट उचलून दुसऱ्याच्या शेजारी ठेवला.

तरीही मी सरकारी माणूस आहे, एका फोनवर निर्णय घेत नाही. पुढच्या आठवड्यात आयती संधी आली. शेळवाडीचाच विश्वजित दिल्ली कँटोन्मेंटला हवालदार आहे, त्याच्या मुलीचं बारसं होतं. मावशीला तो दोन दिवसांसाठी घेऊन गेला. ती लिफ्टमध्ये शिरली आणि आमच्या नळात काहीतरी मोठ्यानं गिळल्यासारखा आवाज झाला. मग गोड पाणी आलं. आम्ही तिघं नळाभोवती उभे राहून पेल्यामागून पेले प्यालो. संपदानं डोक्यावरून न्हाऊन घेतलं, अवनीनं भिंतीवरची रेघ खरवडली, आणि त्यागीजींनी टाकी आपण साफ करवून घेतल्याचं ग्रुपवर जाहीर केलं. संध्याकाळी विश्वजितचा फोन आला. "दादा, एक विचित्र गोष्ट विचारू का? आमच्या क्वार्टरला पाणी एकदम खारं येतंय. इकडे कुणाला बोललो तर हसतात. तुमच्याकडे कधी असं झालंय?"

मी त्याला तुरटी फिरवायला सांगितली. दुसरं काय सांगणार?

मावशी परत आली. तिनं चपला काढायच्या आतच भिंतीतून तो श्वास सुरू झाला, घरचं कुत्रं आनंदानं धापा टाकतं तसा.

मग डोळ्याची पट्टी सुटली. डॉक्टरांनी सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. म्हणजे मावशीची परत जायची वेळ झाली. ती अधीर झाली होती. तिला अंगण दिसत होतं, माड दिसत होते, खिडकीतून दिसणाऱ्या टॉवरांच्या रांगांकडे ती बघतही नव्हती. मी तिकीट काढलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं होतं. आठवडेच्या आठवडे कॅन वाहून माझा खांदा गेला होता आणि सोसायटीत माझी जी काही इज्जत होती तीही गेली होती.

निघायच्या सकाळी मावशीची पिशवी दाराशी होती. कांताचा फोन आला. ती भरभरून बोलत होती. विहिरीकडेला तिनं अळू लावलं होतं. बायका दुपारच्या तिथं येऊन बसत होत्या. पाणी भरायला नाही, नुसत्याच. तिनं विचारलं, आई, गाडी कधी पोचतेय? कुणाला तरी स्टेशनवर पाठवते.

मावशी "हं" म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मग दाराशी जाऊन पिशवीचा बंद धरून उभी राहिली. तिनं पिशवी उचलली नाही. भिंतीतला श्वास थांबला होता. पट्टा हातात घेतल्यावर जनावर जसं दाराकडे टक लावून बघतं, तशी सगळ्या घरात एक शांतता होती. आपल्याबरोबर कोण निघालंय, हे मावशी आमच्याइतकंच जाणत होती.

संपदा स्वयंपाकघरातून आली. तिचे केस मिठानं राठ झाले होते, हात फुटले होते. या सगळ्यात सर्वांत जास्त सोसलं होतं तिनं, आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिनं ओले हात पदराला पुसले, पिशवी मावशीच्या हाताखालून घेतली आणि आत नेऊन साड्या परत कपाटात लावायला सुरुवात केली.

मावशी तिच्या मागोमाग गेली. "अगं, तुझी डाळ शिजत नाही या पाण्यात."

"आणखी शिट्ट्या काढीन," संपदा म्हणाली.

"आणि केस?"

"कापते."

मावशी पलंगावर बसली. बराच वेळ ती नव्या डोळ्यानं स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "मला एकदाच, एक पेला, आमच्या विहिरीचं पाणी प्यायचं होतं गो. गोड झाल्यावर." नळातून हळूहळू पुन्हा श्वास येऊ लागला. मी तिकीट रद्द केलं.

त्याला आता दोन-तीन महिने झाले. माणूस कशालाही सरावतो. अष्टमीला पाणी मंद असतं तेव्हा संपदा कपडे धुते. अमावास्या-पुनवेला उधाण येतं तेव्हा आम्ही सिंकवर पाट उपडा घालून त्यावर वरवंटा ठेवतो. त्यागीजींच्या मिसेसच्या टाचा दुखतात, त्यांना कुणीतरी मिठाच्या पाण्याचा शेक सांगितला, तेव्हापासून त्यांची बादली आमच्याकडे येते. ग्रुपवर आता आमच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मावशी खिडकीशी बसते आणि कधी कधी अवनीला पाऊणपट शिकवते. नळाशी बोलते तेव्हा आम्ही टीव्हीचा आवाज कमी करतो.

मागच्या रविवारी विश्वजित सुट्टीवरून परत आला. कांतानं त्याच्याजवळ विहिरीच्या पाण्याची बाटली दिली होती. झाकणाभोवती चिकटपट्टी, त्यावर फडकं, फडक्याला गाठ. सासूची इच्छा तिला कुणी सांगितली नव्हती. तिला आपलं वाटलं म्हणून तिनं पाठवलं. विश्वजितनं रेल्वेत ती उशाला घेऊन झोप काढली होती.

कांता फोनवर होती, स्पीकर चालू. संपदानं घरातला चांगला पेला काढला. मावशीनं पदर सारखा केला, पेला दोन्ही हातांत धरला आणि न थांबता प्याली. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो जराही हलला नाही.

"आई, कसं आहे?" कांतानं विचारलं.

"गोड आहे गो," मावशी म्हणाली. "अगदी पूर्वीसारखं."

तिनं पेला माझ्यापुढं केला. तळाशी घोटभर उरलं होतं. मी प्यालो. भर उधाणाचं, जीभ जाळणारं खारं पाणी होतं ते; विहिरीचं खारं इथं आपल्या पाण्याला येऊन भेटलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं. मावशी माझ्याकडे बघत होती.

"भाऊजी, तुम्ही प्यालात? गोड आहे ना?"

"फार गोड आहे कांता," मी म्हणालो. संपदानं बाटलीत उरलेलं स्वतःच्या पेल्यात ओतलं, एका दमात प्याली, आणि फोनकडे वाकून म्हणाली, "अजून पाठव गं."